जुन्या यंत्रांतल्या गॅसचा हिशेब कोण ठेवणार? पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी 16 सप्टेंबरला ओझोन दिन साजरा होतो आणि ओझोनचा थर खाणारे गॅस कमी करण्यासाठी झालेल्या 1987 च्या मॉन्ट्रियल कराराचे कौतुक होते. ते रास्तच आहे. पण या करारात एक फट आहे. करार मोजतो ते उत्पादन आणि वापर, आणि वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. फ्रिज-एसीसारख्या यंत्रात भरलेला गॅस नंतर हवेत गेला की सिलिंडरमध्ये परत आला, याला त्या सूत्रात जागाच नाही. हे पत्र त्या गॅसबद्दल आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते. अल्केनमधला, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साध्या संयुगातला, हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन किंवा आयोडिन बसवला की झाले हॅलोअल्केन. या पत्रातले बहुतेक गॅस याच जातीचे. परीक्षेपुरते एवढे पुरते. खरी गंमत बंधांच्या ताकदीत आहे. कार्बन-फ्लोरिन बंध तोडायला मोलमागे सुमारे 485 किलोज्यूल लागतात, कार्बन-क्लोरिनचा 340 च्या आसपासच तुटतो. जमिनीलगत मात्र सीएफसी-12, म्हणजे कार्बन, क्लोरिन आणि फ्लोरिनचा पूर्वी शीतयंत्रांत भरला जाणारा गॅस, कशालाच दाद देत नाही. तो पेट घेत नाही आणि पावसाने धुऊनही निघत नाही. तो येण्याआधी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असायचे, आणि गळती झाली की जिवाशी गाठ. 1930 मध्ये अमेरिकी अभियंते थॉमस मिजली यांनी रसायनतज्ज्ञांसमोर हा नवा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि ज्वलनशीलही नाही, दोन्ही एका दमात सिद्ध! त्यांना आज नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती फुंकर पुढे कुठे जाते, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

तो पडला 1974 मध्ये, मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांना. सीएफसी-12 चा रेणू सुमारे शंभर वर्षे टिकतो, त्यामुळे सावकाश का होईना, ओझोनचा थर असलेल्या स्थितांबरात पोचतोच. तिथले अतिनील किरण नेमका कच्चा दुवा, म्हणजे क्लोरिनचा बंध, तोडतात. सुटलेला क्लोरिन ओझोनमधला एक ऑक्सिजन अणू पळवतो, मग दुसऱ्या सुट्या ऑक्सिजनच्या हाती तो सोपवून पुन्हा मोकळा होतो आणि पुढच्या ओझोनच्या मागे लागतो. निष्प्रभ होण्याआधी एकच अणू हजारो रेणू संपवतो. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगापुढे आले आणि दोन वर्षांत करार झाला.

मग तोडगा निघाला तो असा, की रेणूत थोडा हायड्रोजन राहू द्यायचा. हवेतले हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक अतिशय क्रियाशील कण, त्याला पकडते आणि बहुतेक रेणू खालीच मोडतात. अशा गॅसांपैकी एचसीएफसी-22 (22 नंबरचा गॅस) साधारण 12 वर्षे टिकतो. एचएफसी-134ए 14 वर्षे, पण त्यात क्लोरिनच नाही. ओझोनवरचे संकट टळत गेले, पण कार्बन-फ्लोरिन बंध पृथ्वीची बाहेर पडणारी उष्णता अडवतात. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर 22 नंबरचा एक किलो गॅस सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो, म्हणजे जवळपास 800 लिटर पेट्रोल जाळल्यासारखे. घरगुती एसीत साधारण किलोभर गॅस असतो.

याच करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने एचएफसी, म्हणजे क्लोरिन नसलेले हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले. मोजमाप मात्र पुन्हा उत्पादनाचे आणि वापराचेच. एक सन्मान्य अपवाद आहे. 22 नंबर बनवताना निघणारा एचएफसी-23 शक्य तितका नष्ट करणे बंधनकारक झाले. म्हणजे हवेत जाणाऱ्या गॅसवर बंधन घालता येते. मग ते कारखान्याच्या दारापाशीच का थांबावे?

एसी भंगारात निघतो तेव्हा काय होते पाहा. तांब्याच्या नळीला भाव आहे, कॉम्प्रेसरला भाव आहे, गॅसला नाही. नळी कापली की फुस्स होते, ना रंग दिसतो ना धूर, आणि थोड्याच वेळात आवाज बंद होतो. दुरुस्तीच्या वेळीही पुष्कळदा हेच घडते. यात मेकॅनिकला दोष देऊ नका. रिकव्हरी मशीन जोडायचे, गॅस वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढायचा, काट्यावर वजन करायचे, आणि एवढे करून पदरात काय? भेसळ झालेला गॅस तर कुणी फुकटही घेत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. परत आणलेल्या प्रत्येक किलोला, भेसळीच्यासुद्धा, मोबदला द्या आणि तो पैसा नवा गॅस बनवणाऱ्यांकडून आणि आयात करणाऱ्यांकडून वसूल करा. शुद्ध करता येईल तो पुन्हा वापरात आणा. उरलेला हजार अंशांहून तापलेल्या भट्टीत जाळा आणि निघणारी आम्ले धुऊन घ्या. हे तंत्र जुने आणि माहितीतले आहे. मान्यताप्राप्त पद्धतीने नष्ट केलेला गॅस करारानुसार उत्पादनातून वजा होतो, तेव्हा उत्पादकांनी कुरकुर करायचे कारण नाही.

‘नवे गॅस येताहेत, हा प्रश्न आपोआप मिटेल’ असे आपल्याला सांगितले जाईल. त्यातला एचएफओ-1234वायएफ हवेत काही दिवसांतच मोडतो हे खरे, पण मागे ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल ठेवतो आणि ते सहजी विघटित होत नाही. नवा गॅस आला आणि जुनी कटकट संपली, असे या धंद्यात अजून तरी घडलेले नाही. शिवाय आज चालू असलेल्या यंत्रांत जो गॅस आहे, तो नव्याच्या येण्याने नाहीसा होत नाही.

मोबदल्याची योजना आखायला वेळ लागेल, हे समजते. तोवर एक काम लगेच होऊ शकते. गेल्या वर्षी यंत्रांतून किती किलो गॅस परत गोळा झाला आणि त्यातला किती नष्ट केला, हे दोन आकडे मंत्रालयाने येत्या ओझोन दिनाआधी जाहीर करावेत.

कळावे,
आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका