पक्यास पत्र: काटा अडकला, प्रोसेस जिवंत

विश्रामबाग, सांगली

प्रिय पक्या,

दिवाळीचा तुझा मेसेज तसाच पडून आहे, शिव्या नंतर घाल. मी बरा, आईचा गुडघा आहे तिथंच. कामावरच्या काट्याचं हे रडगाणं घरात सांगितलं तर "आधी जेवून घ्या", ऑफिसात सांगितलं तर "रिस्टार्ट मारा". म्हणून तुला.

कारखान्याच्या वजनकाट्याचं आमचं सॉफ्टवेअर रात्री मधेच गप्प होतं. प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) जिवंत, सीपीयू थंडगार, लॉगमध्ये ओळ नाही, आणि बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत. पोरं रिस्टार्ट मारतात, काटा सुरू, सगळे खूश. पुरावाही गेला. परवा म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. जेस्टॅक -एल (जावा प्रोग्रॅममधला प्रत्येक थ्रेड, म्हणजे कामाचा धागा, कुठं थांबलाय ते दाखवणारं हत्यार) लावून दहा-दहा सेकंदांनी ओळीनं डंप, म्हणजे त्या त्या क्षणाचे फोटोच, घेतले. (किल -३ या कमांडनंही निघाले असते. त्यानं प्रोसेस मरत नाही, हे हॉस्टेलवर तुला पटवता पटवता माझे किती चहा गार झालेत लगा!)

डेडलॉकचं, म्हणजे थ्रेड एकमेकांच्या कुलपांसाठी अडून बसण्याचं, नाव नाही. पावतीचे सगळे थ्रेड ब्लॉक्ड, 'वेटिंग टू लॉक' (कुलपाची वाट बघतोय), सगळ्यांपुढं एकाच कुलपाचा पत्ता. ते कुलूप धरून बसलेला थ्रेड मात्र म्हणे रनेबल, म्हणजे पळता! सोंग बघ. वरची ओळ सॉकेटरीडझीरो (नेटवर्कवरून वाचणं), प्रत्येक डंपात तीच. (जावा अजून ८च आहे, हसू नकोस.) गडी डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतोय, पण नेटिव्ह कोडमधलं (जावाबाहेरच्या, सिस्टीमच्या कोडमधलं) थांबणं जावाच्या हिशेबात रनेबलच. आणि डेटाबेसमधली लॉकं जेस्टॅकला दिसत नाहीत, मग डेडलॉक छापणार कुठून? चूक शोधायला कोडमध्ये प्रिंटच्या ओळी टाकायची तुझी ती सवय, त्या ओळी इथं काय करणार होत्या, सांग.

खरी धास्ती पुढं आहे. सॉकेटला (डेटाबेसशी असलेल्या जोडणीला) टाइमआउटच, म्हणजे वाट बघायची मुदतच, नाही. साहेब म्हणतात, तीस सेकंद टाक, मिटलं. पण आपण वाट बघायची सोडली म्हणून तिकडं नोंद झालीच नाही, असं थोडंच आहे? कमिट होऊन (नोंद पक्की होऊन) उत्तर तेवढं वाटेत अडकलं असेल, तर काटेवाला पुन्हा बटण दाबणार आणि एका खेपेच्या दोन पावत्या. उसाचं बिल टनावर निघतं रे! खेप नंबरावर युनिक बंधन (एका नंबराची नोंद एकदाच) घाला म्हणून डेटाबेसवाल्यांच्या मागं लागलोय, ते "बघतो" म्हणतात. हंगाम त्यांच्यासाठी थांबतोय होय?

पोरीची दहावी ना यंदा? नव्या नोकरीचं कळव. वहिनींना भडंग पाठवतो.

डंप मेल केलेत. टाइमआउट आधी की बंधन आधी, एवढं सांग. आणि रात्री आठनंतर फोन कर, तोवर साहेब शेजारी असतात.

तुझा,
सुन्या