शिडी माझ्याकडे आहे

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, एव्हाना तुम्ही जिन्याखाली बघितलं असेल. शिडी तिथे नाही. ती मी गाडीत घालून इकडे आणली आहे. निघताना सांगणार होते, पण तुम्ही फाटकाशी हात हलवत उभे होतात आणि मला काही बोलवेना. न विचारता आणली, याचं फार वाईट वाटतंय. म्हणून आल्या आल्या लिहायला बसले.

त्या मंगळवारी तुम्ही शिडीवरून पडल्याचा आईचा फोन आला, तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. मुका मारच होता, हाड वाचलं, सगळं खरं. तुम्ही म्हणता तसा नुसता पाय सटकला. पण ओल्या फरशीवर शिडी, एका हातात वायपर, आणि काचेच्या खोलीतली वरची काच गाठायला अर्धं अंग बाजूला झुकलेलं. बाबा, अशा वेळी कुणाचाही सटकेल, माझाही. वयाचं मी काढत नाहीये.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एक मुलगा येईल. वरच्या काचा आणि छत तो करेल. मी त्याला भेटून, त्याचं काम बघून मगच ठरवलंय. लांब दांड्याचा वायपर आणतो आणि जमिनीवर उभं राहून पुसतो. छताच्या काचेवर कधी पाय द्यायचा नाही, हे मी सांगायच्या आधी त्यानंच मला सांगितलं. छताच्या पन्हळीतला पालापाचोळाही तोच काढेल. त्याच्या पैशांचं मी बघते, त्यावर वाद नको.

तुमची खोली कुणी तुमच्याकडून घेत नाहीये. खांद्याच्या वरचं तेवढं त्याचं, खांद्याच्या खालचं सगळं तुमचं. आणि खरं सांगू, खालचंच काम जास्त नाजूक आहे.

रूळच घ्या ना. परवा मी सरकत्या काचांचे रूळ जुन्या टूथब्रशनं साफ केले, तर ओंजळभर माती निघाली. त्या पावसात पाणी आत आलं, आईची सतरंजी गेली आणि आपण छताला दोष देत बसलो. छत ठीक होतं. रुळाच्या तळाशी पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. दोन मातीनं बुजली होती, आणि तिसरं मागे काम करून गेलेल्या माणसानं गळती समजून सिलिकॉननं बंद केलं होतं. तिन्ही मी मोकळी केली. आता दर पावसाळ्याआधी बाबांनी एवढंच करायचं: रुळात पेलाभर पाणी ओतायचं आणि ते बाहेर पडतंय का बघायचं. तुंबलं तर बारीक तार फिरवायची. आई, रुळात तेल नको गं सोडूस. तेलाला धूळ धरते आणि काच आणखी जड सरकते. त्याऐवजी सिलिकॉनचा स्प्रे आहे, तो कपाटात वरच्या नाही, मधल्या खणात ठेवलाय.

काचा तुम्ही अकराच्या उन्हात पुसता, कारण डाग तेव्हाच दिसतात. पण त्या वेळी काच तापलेली असते, साबणाचं पाणी पुसायच्या आत वाळतं आणि पट्टे उमटतात. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडाही जाऊ शकतो. डाग उन्हात हेरून ठेवा, पुसा दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी कोरडी धूळ हलक्या हातानं काढा, नाहीतर तिचेच कण काचेवर ओरखडे पाडतात.

आई, व्हिनेगरचं पाणी काचेला चालेल, पण खालच्या संगमरवरी पट्टीवर ओघळू देऊ नकोस. आम्लानं संगमरवराची चकाकी जाते. कोपऱ्यातल्या काळ्या बुरशीला ब्लीच लावशील तेव्हा त्यात व्हिनेगर अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तुझा दमा आहे. हे मी पुन्हा फोनवरही सांगणार आहे.

ती बुरशी येते सकाळच्या दवामुळे. आतली दमट हवा गार काचेला लागली की पाणी धरतं. उठल्यावर काचा फडक्यानं टिपा आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या थोडा वेळ उघड्या ठेवा. मात्र दव टिपताना मला तिथला ‘ळ’ आठवतो. पाटीवर मला कधी जमला नाही, तो आईनं त्या धुरकट काचेवर बोट धरून गिरवून घेतला. मग बाबा मुद्दाम बाहेर जाऊन उभे राहायचे आणि उलटा दिसणारा ‘ळ’ मोठ्यानं वाचायचे. फडकं फिरवायला आई देत नसे, दुपारपर्यंत आपोआप जाईल म्हणायची. अजूनही कुठेही काच धुरकटली की माझं बोट जातंच.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. तुम्ही तिथे ‘ड’ जीवनसत्त्वासाठी बसता ना, ते बंद काचेमागे मिळत नाही. त्वचेत ते तयार व्हायला जे अतिनील-बी किरण लागतात, ते साधी काचही जवळजवळ सगळे अडवते. अतिनील-ए मात्र बरेच आत येतात, म्हणून आईच्या गादीचा निळा रंग उडाला. खोलीत जरूर बसा, ऊब मिळते, सांध्यांना बरं वाटतं. पण थोडा वेळ अंगणातही बसा. किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवू. आणि उन्हाळ्यात बारा ते चार तिथे नको. पडदे ओढा, पाण्याचा तांब्या जवळ ठेवा, तहान लागायची वाट बघू नका.

तुमचं भिंग वर्तमानपत्रावर तसंच पडलेलं होतं. उन्हात त्यानं कागद पेटू शकतो, म्हणून टेबलाच्या खणात ठेवलंय. वाचून झालं की तिथेच. गोळ्यांचा डबाही खिडकीच्या कट्ट्यावरून आत नेलाय, औषधं तिथल्या उन्हात खराब होतात. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. डासांची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. ताटल्या आईनं उचलायच्या नाहीत, कंबर सांभाळायची. बाबा, हे तुमच्याकडे.

आपल्या वेताच्या खुर्चीला नवी गादी मापानं करायला दिली आहे, निळीच. तुमची जागा हलवलेली नाही. डाव्या खालच्या काचेवरचे मोतीच्या नखांचे ओरखडेही तसेच राहतील. पॉलिश करून देतो म्हणाला मुलगा, मी नको सांगितलं.

रविवारी तो येऊन गेला की बाबांनी मला फोन करायचा. काचा कशा झाल्या ते तुमच्याकडूनच ऐकायचंय. कोपरे राहिले असतील तर स्पष्ट सांगा, मी त्याच्याशी बोलेन. तुम्ही मात्र स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
धाकटी