चरबी मिळते, भाव मटणाचा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्राण्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चरबी वाढवण्याचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, अभिनंदन. पण ‘मांस तयार होतंय, मग ही आरोग्याला घातक चरबी हवी कशाला’ असं लिहिणाऱ्याने कधी चुलीपुढे उभं राहून मटण केलेलं दिसत नाही. आमच्या घरी चरबी आधी पातेल्यात टाकतात, ती वितळली की तिच्यातच कांदा परततात. 2013 साली लंडनमध्ये मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर चाखला गेला. खर्च अडीच लाख युरोच्या घरात, आणि चाखणारे म्हणाले, यात चरबीच नाही!

ती वाढवणंही सोपं नाही. जाड गोळ्यात आतल्या पेशींना प्राणवायू पोचत नाही, म्हणून अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या मंडळींनी 2023 मध्ये पेशी पातळ थरात वाढवल्या, खरवडून काढल्या आणि समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटने बांधल्या. एवढा खटाटोप! आमच्या जुन्या नाशकात चरबी वाढवायला नुसता तराजू पुरतो.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी दुकानासमोर ही रांग. मी किलोभर सीना-चाप सांगितलं. खाटीकदादांचा हात इतका चपळ की बघता बघता मुठीएवढा पांढरा लोळा खाली गेला, वर दोन चापा मांडल्या, पिशवीला गाठ. घरी सोडलं तर पाव किलोच्या वर चरबी. परत गेलो तर म्हणतात, ‘काका, चरबीशिवाय चव येते का?’ नाही येत, मला शिकवू नका! पण चव चरबीची आणि भाव मटणाचा, हा कुठला न्याय? मागच्या रांगेतले लोक ‘चला काका, उशीर होतोय’ म्हणून माझ्यावरच खेकसले. त्यांच्याही पिशवीत तेच असणार.

या विषयावर आपल्या पुरवणीत कधी चार ओळी आल्याचं आठवत नाही.

आणखी एक. लेखाचा शेवट ‘पान 6 वर’ होता. पान 6 वर फ्लॅटची जाहिरात आहे, लेख नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पेशींपासून वाढवलेल्या डुकराच्या चरबीला हिरवा कंदील दाखवला, ते त्या गायब ओळींत होतं का, तेवढं कळवावं.

— एक जुना वर्गणीदार, जुने नाशिक