पत्रिकेच्या भोकातून देवयानी

ती. काकांना सा. न. वि. वि.

नाव कुठे लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं काका. पण आभार चारचौघांत मानणार, ही माझी अट.

खरं सांगायचं तर त्या रविवारी मी तुमच्याकडे आले होते शाबासकी घ्यायला. कार्तिक अमावस्येला वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याशी कुडकुडत देवयानी दीर्घिकेच्या (अँड्रोमेडा गॅलेक्सीच्या) १२० फ्रेम काढल्या होत्या, प्रत्येकी ६० सेकंदांच्या. २०० मिलिमीटरची लेन्स, ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा, भाड्याने आणलेला ट्रॅकर. मग आठ दिवस ऑफिसातून आलं की चहा आणि लॅपटॉप. चित्र तयार झालं तेव्हा आकाश काळंकुळकुळीत आणि मधोमध झगझगीत दीर्घिका. घरच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. तुम्ही मात्र चष्मा कपाळावर चढवलात, नाक स्क्रीनला लागेल इतके वाकलात आणि म्हणालात, "अगं, हिला कुणी भादरलंय?"

मला राग आला होता, आता सांगते. मनात म्हटलं, आयुष्यभर एक्स-रे काढलेल्या माणसाला दीर्घिकेतलं काय कळणार!

तुम्ही टीव्हीखालच्या रद्दीतून एक लग्नपत्रिका काढलीत, कात्रीने मधोमध रुपयाएवढं भोक पाडलंत आणि ती स्क्रीनवर धरलीत. आधी चित्राच्या कोपऱ्यावर, मग दीर्घिकेच्या कडेला लागून. झगझगाट झाकला गेल्यावर पहिल्यांदाच दिसलं की दीर्घिकेभोवती एक काळपट कडं आहे. कोपऱ्यातल्या आकाशाहूनही काळं. "आकाशाहून काळं तिथे काय असणार?" एवढंच विचारलंत. एक्स-रेच्या लाइट बॉक्सवर नको तेवढा उजेड झाकला की फिल्मवरची पुसट छटा उठून दिसते, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तोपर्यंत माझा राग पळाला होता.

चूक कुठे झाली ते शोधायला तुम्ही मला पार मागे नेलंत, नुसत्या स्टॅक केलेल्या, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक केलेल्या फाइलपर्यंत. ती उघडली की काळोख आणि दहा-वीस ठिपके, सगळा माल हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या काळ्या भिंतीला चिकटलेला. स्ट्रेच करून, म्हणजे पुसट उजेड ताणून वर आणून पाहिलं तर एका कोपऱ्यातून नारिंगी उजेड चढत आलेला. ते आपलं पुणे! संध्याकाळी देवयानी ईशान्येला होती आणि वेल्ह्याहून पुणंही त्याच अंगाला. तो उजेड काढायला मी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या आकाशाचे, म्हणजे पार्श्वभूमीचे नमुने आपोआप घ्यायला सांगितले होते. चित्रभर नमुन्यांचे चौकोन पडले आणि मी डोळे मिटून होकार दिला. त्यातले कितीतरी चौकोन दीर्घिकेच्या फिकट बाह्य भागावर बसले होते. सॉफ्टवेअर बिचारं आज्ञाधारक. त्याने पुण्याच्या उजेडाबरोबर देवयानीचाही उजेड वजा केला. २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश मी रस्त्यावरच्या दिव्यांच्या हिशोबात टाकून मोकळी झाले.

ही दीर्घिका आकाशात जवळजवळ ३ अंश पसरलेली आहे, सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत इतकी, हे मला तोंडपाठ होतं. पण चौकोन पुसताना तुम्ही "अजून बाहेर, अजून" म्हणत राहिलात तेव्हा ते ३ अंश कुठवर जातात हे डोळ्यांना कळलं. मग तुम्ही चित्र उलटं करायला लावलंत, पांढऱ्यावर काळं. जुनी सवय तुमची. पण काय फरक पडला! काळ्यात न दिसणारी कड पांढऱ्यावर पेन्सिल घासल्यासारखी उमटली आणि नैऋत्येच्या भुजेत एनजीसी २०६, तो तारकामेघ, अंगठ्याच्या ठशासारखा. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२३ च्या ऑक्टोबरात याच दीर्घिकेच्या काचेच्या निगेटिव्हवर शाईने 'एन' (नोव्हा) खोडून 'व्हीएआर' (व्हेरिएबल, रूपविकारी) लिहिलं, पुढे उद्गारचिन्ह. नोव्हा, म्हणजे अचानक उजळून विझणारा, समजलेला तारा रूपविकारी, म्हणजे तेज लयीत कमीजास्त होणारा, निघाला, त्यावरून अंतर काढता आलं आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची ठरली. हे सांगताना तुम्ही एवढे खुलला होतात की काकू दोनदा पोह्यांच्या बशा ठेवून गेल्या ते कळलंच नाही.

बाकीच्या चुकांबद्दल थोडक्यात कबुली देते. फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग वजा करायला काढतात ते एकसारख्या उजेडाचे फोटो) मी दुसऱ्या दिवशी घरी काढल्या, लेन्स काढून पुन्हा लावल्यावर, त्यामुळे धुळीचे डाग जायच्या ऐवजी दुप्पट झाले. रंग असे भडकावले होते की गणपतीचा मांडव बरा. तुम्ही ताऱ्यांच्या यादीवरून रंग जुळवायला लावलात, तेव्हा गाभा पिवळसर झाला, भुजा निळसर. आणि नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, कमी करायची पट्टी मी पुढे ओढायला लागले तेव्हा तुम्ही सरळ माझ्या मनगटावर टपली मारलीत. "नॉइज निम्मा करायचा तर फ्रेम चौपट लागतात. जागरण कर, पट्टी नको ओढू."

रात्री साडेनऊला मी निघाले तेव्हा स्क्रीनवरचं आकाश काळं नव्हतं, पाटी ओल्या फडक्याने पुसल्यावर वाळत येते तशा रंगाचं होतं. घरच्या ग्रुपवर टाकलं तर आत्या म्हणाली, आधीचं जास्त छान होतं. मी उत्तर दिलं नाही.

काका, गुडघ्यांमुळे तुम्ही वेल्ह्याला येत नाही, म्हणून पुढच्या अमावस्येच्या फ्रेम थेट तुमच्याच टेबलावर उघडणार आहे. या वेळी फ्लॅट तिथेच, पहाटे, लेन्सला हात न लावता, पांढरा टी-शर्ट ताणून. पत्रिका अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. लग्न कुणाचं होतं ते विचारू नका, वधूवरांची नावं नेमकी भोकात गेली आहेत.