श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या अक्कांना, नागपूरहून

अक्का, जय भीम. आयुबोवन.

हे पत्र मराठीत लिहून राहिलो कारण आईनं बजावलंय की मराठीतच लिही, इंग्रजीत लिहिलं की फॉर्म भरल्यासारखं वाटते. तुमची लेक मोबाईलवर ट्रान्सलेट करून तुम्हाला वाचून दाखवेल आणि जे अडेल ते आई फोनवर सांगेल, तुमचं दोघींचं फोनवर काय चालते ते तसंही आम्हाला कधी पूर्ण कळलं नाही. आणि सगळ्यांसमोर लिहितोय कारण त्या दिवशी आभार मानायचे राहूनच गेले, बस सुटत होती, आई रडत होती, मी बॅगा चढवत होतो आणि तोंडातून फक्त 'बोहोमा इस्तुती' एवढंच निघालं, तेही तुमच्या लेकीनं आदल्या रात्री शिकवलं होतं म्हणून. घरी आल्यावर लक्षात आलं की इस्तुती म्हणजे आपली स्तुतीच की. तर आज ती नीट करतो.

वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगावं लागेल. माझी आई अंगणवाडीत सेविका होती, रिटायर झाली तेव्हा तिला विचारलं काय पाहिजे, तर म्हणाली अनुराधापूरचं झाड दाखव. आम्ही उत्तर नागपूरचे, इंदोऱ्याचे. दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे तो भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेहून आणलेल्या फांद्यांचा, आणि त्या फांद्या अनुराधापूरच्या महाबोधीच्या. ते झाड पुन्हा बुद्धगयेच्या झाडाचं, सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा फांदी घेऊन समुद्रापार गेली होती, बावीसशे वर्षं झाली त्याला. आई पोरपणापासून दीक्षाभूमीवरच्या त्या झाडाखाली बसत आली, तिथंच डबा खाल्ला, तिथंच आम्हाला मांडीवर झोपवलं, म्हणून तिला त्या झाडाची आई पाहायची होती. हे तिचेच शब्द आहेत.

तर २०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं निघालो. २३ मेला वेसाक होता, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा. नागपूरहून मुंबई, मुंबईहून कोलंबो, तिथून बस, आणि २२ तारखेच्या रात्री नऊ वाजता अनुराधापूरला उतरलो तर ऑनलाइन बुक केलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली. नाव घेत नाही त्या जागेचं, वेसाकची गर्दी होती, जास्त पैसे देणारा कोणी आला असेल. आजूबाजूला सगळं फुल. आईचे गुडघे पहिलेच खराब, त्यात दिवसभर बसलेली, पाय सुजून हे एवढे. मी बॅगा घेऊन रस्त्यावर उभा आणि खरं सांगतो अक्का, मला रडू यायचं बाकी होतं.

तुमचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. बाहेर थंबिलीचे घड टांगलेले, नारिंगी रंगाचे नारळ. एवढ्या त्रासातही आई म्हणाली, अरे पाह्य, संत्र्याच्या रंगाचं शहाळं! तिला बाकावर बसवलं, तुम्ही न विचारता एक थंबिली फोडून तिच्या हातात दिली. 'इंडिया?' तुम्ही विचारलं. आई म्हणाली 'नागपूर'. तुम्हाला नागपूर माहीत नव्हतं. सारनाथ माहीत होतं, बुद्धगया माहीत होती, तुम्ही लोक भारताला दंबदिव म्हणता, जंबुद्वीप, आणि आयुष्यात एकदा दंबदिवची यात्रा व्हावी असं तुमच्याकडे प्रत्येकाला वाटते हे मला नंतर कळलं. पण त्या यात्रेत नागपूर कुठं येतच नाही.

मग आईला तुमच्या दुकानातली फळीवरची बुद्धमूर्ती दिसली, समोर बारका बल्ब आणि एक फूल. ती शहाळं बाजूला ठेवून उठली, हात जोडले आणि सवयीनं सुरू झाली, नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स. तुमच्या हातात कोयता होता. तो तुम्ही खाली ठेवला, चप्पल काढली आणि आईच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. तीन वेळा नमो तस्स, मग बुद्धं सरणं गच्छामि, मग पंचशील. आमच्याकडे वंदना खड्या आवाजात, पाठ म्हटल्यासारखी म्हणतात, तुम्ही लोक सूर लांबवता, त्यामुळे मध्येच आई पुढे जायची, मग थांबायची, मग तुम्ही तिला गाठायच्या. शब्द मात्र एकाही जागी वेगळा नाही. माझी आई सातवी शिकलेली, तिला इंग्रजीत नाव पत्ता सोडून काही येत नाही, आणि परक्या देशात उतरल्याच्या पहिल्याच रात्री ती एका अनोळखी बाईशी पालीत बोलून राहिली होती. शेवटी दोघी एकदमच साधू साधू साधू म्हणाल्या. तुम्ही शटर ओढलं, आईची बॅग उचलली आणि चालायला लागल्या. घरी चला असं म्हणाल्यासुद्धा नाही.

तुमच्या घरी आम्ही चार दिवस राहिलो. पहिल्याच रात्री तुम्ही आईला सांगितलं मला अक्का म्हण, आणि आई हसायलाच लागली, कारण मोठ्या बहिणीला आमच्याकडेही अक्काच म्हणतात. मला तुम्ही पुता म्हणायच्या. तो शब्द कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

वेसाकच्या सकाळी तुम्ही किरिबत केलात, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, थापून वड्या पाडलेला, आणि सोबत लुनुमिरिस. ते लुनुमिरिस म्हणजे कांदा आणि लाल मिरची वाटलेला ठेचाच, आईनं चाखून मला हळूच सांगितलं की भिवापूरच्या मिरचीपुढे हे काहीच नाही, पण खाल्लं मात्र दोनदा मागून. दुसऱ्या दिवशी आईनं तुमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. नागपूरहून पोहे नेले होते, तिखट नेलं होतं, हरभरे भिजवून तर्री केली. वरून टाकायला सांबार पाहिजे म्हणाली. आता नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या लोकांनाही कळत नाही, तर तुमच्या लेकीला कुठून कळणार, तिला वाटलं पोल सांबोल मागतेय, तिनं खोवलेल्या नारळाचं लालभडक सांबोल वाटीभर आणून दिलं. आईनं एक क्षण पाहिलं आणि तेच टाकलं पोह्यांवर. अक्का, आजही आमच्या घरी रविवारी तर्री पोह्यांवर खोबऱ्याचं सांबोल असते. विदर्भात आम्ही खोबरं वापरतो ते सुकं, ओला नारळ पूजेपुरता. आता आई इतवारीतून ओला नारळ आणवते.

एक गोष्ट आहे जी मला अजून टोचते. मोठ्या मूर्तीसमोर मी सेल्फी घ्यायला पाठ करून उभा राहिलो. तुम्ही ओरडल्या नाहीत, फक्त माझे खांदे धरून मला वळवलं, मूर्तीकडे तोंड करून, आणि मग स्वतः मागं जाऊन माझा फोटो काढला. त्या फोटोत मी पाठमोरा आहे. तोच फोटो मी घरी लावलाय.

आणि दानसल! रस्त्यारस्त्यावर मांडव, कुठं भात, कुठं चहा, कुठं आइसक्रीम, कोणीही या आणि फुकट खा, गाड्या थांबवून लोकांना खाली उतरवत होते. मला वाटलं आई चकित होईल, ती म्हणाली हे तर आपल्यासारखंच आहे. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, पायी, रेल्वेनं, ट्रकनं, आणि नागपूरभर लोक रस्त्यावर मांडव टाकून पुरीभाजी, मसालेभात, पाणी वाटतात, आईच्या बचत गटाचाही स्टॉल असतो. तिनं तुम्हाला हातवारे करून हे सगळं सांगितलं, मग विचारलं दानसल म्हणजे काय, दानशाळा का? तुम्ही मान हलवली. लगेच पदर खोचून ती भात वाढायला उभी राहिली, सुजलेल्या पायांनी, आणि तुम्ही तिला अडवलं नाहीत, बाजूला स्टूल आणून ठेवलं. ते स्टूल मी विसरणार नाही.

रात्री अंगणात कागदी कंदील लावले होते, तुमचे वेसाक कुडू, आमच्या आकाशकंदिलासारखे पण जास्त नाजूक. तिथं आईनं तुम्हाला १९५६ सांगितलं. आई मराठीत, मी इंग्रजीत, तुमची लेक सिंहलीत, असं तीन टप्प्यांत. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखोंना दिली. माझे आजोबा भंडाऱ्याकडून पायी आले होते, आजीनं पांढऱ्या लुगड्यासाठी चांदीचे कडे विकले होते. तुम्ही विचारलं, त्याआधी तुम्ही काय होता? तुमच्याकडे दोन हजार वर्षांपासून बापापासून मुलाकडे धम्म येतो, तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिक होतं, पण तो मराठीत आईला विचारताना माझी जीभ अडखळली. आई अडखळली नाही. म्हणाली, आधी आम्हाला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. मग तिनं हेही सांगितलं की १९५० साली बाबासाहेब तुमच्याच देशात आले होते, कँडीला, बौद्धांच्या परिषदेला. तुमच्या लेकीनं फोनवर शोधून काढलं आणि तुम्ही तो फोन खूप वेळ हातातच धरून बसल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तुमच्या विहारात हामुदुरुवोंना, म्हणजे भन्तेंना, सगळं सांगितलंत आणि त्यांनी आईला पुढे बसवून म्हटलं, तुमच्या नागपूरच्या चालीत वंदना म्हणा. पांढऱ्या कपड्यातले ते सगळे लोक आईच्या मागं म्हणत होते, खड्या आवाजात, आमच्यासारखं. आईला आयुष्यात इतका मान कोणी दिला नव्हता. तिनं हे मला परत आल्यावर, इथं घरी सांगितलं, तिथं नाही.

झाड तर पाहिलंच. सोन्याच्या टेकूंवर तोललेल्या फांद्या, आईला हात लावता आला नाही पण एक पान वाऱ्यानं खाली आलं ते तुम्ही उचलून तिला दिलंत. तुमच्याकडे किती लोक त्या पानाची वाट पाहतात हे मी पाहिलं होतं, तुम्हीही पाहत असाल, आणि तुम्ही ते देऊन टाकलंत. ते पान आता आमच्याकडे काचेत आहे.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. मी उशीखाली ठेवून आलो ते तुमच्या लेकीनं धावत येऊन बसच्या खिडकीतून परत फेकले.

ह्या बुद्धपौर्णिमेला, १२ मे २०२५ ला, आईनं बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून कुडू केला, तीन वेळा फाटला, चौथा गॅलरीत लावला. गल्लीतले पोट्टे विचारत होते, काकू, दिवाळी काहून आली उन्हाळ्यात? तर आई प्रत्येकाला अनुराधापूर सांगत बसली.

आणि आता तुम्ही दंबदिवला येताय, विहारातल्या बायकांसोबत, आणि तुम्ही त्यांना सांगितलं की ह्या वेळी यात्रेत नागपूर पाहिजेच. यंदा, म्हणजे २०२५ ला, दसरा २ ऑक्टोबरला आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपात आत जाता येते हे सांगितलं तर तुम्हाला आधी पटलं नव्हतं, तुमचे स्तूप भरीव, मग तुम्हीच म्हणाल्या की कलुतराला आहे तसा. तसाच अक्का, आतून पोकळ, वर बघितलं की मान दुखते.

बुद्धगया झाल्यावर पाटण्याकडे या. पाटण्याला लागूनच दानापूर आहे, तिथून बंगळुरूची गाडी निघते, ती नागपूरला थांबते. तिकिटं मी काढतो, फक्त सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशी पाठवा. गाडीचं नाव संघमित्रा एक्सप्रेस. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, दोन मिनिटं गप्पच बसली, मग म्हणाली, स्टेशनवर मी पण येते, आणि त्यांना विचार, वांगं चालते का सगळ्यांना.

तर विचारतोय. कळवा.

तुमचा पुता
इंदोरा, नागपूर