रजाच मिळत नसेल तर ध्यानाचं ॲप घेऊन काय करायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत घरून काम करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यावर अख्खं पान आलंय. सकाळी वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. टेबलावर कुंडी ठेवा, मधूनमधून उठून पाणी प्या, कंपनीने ध्यानाच्या ॲपचं सबस्क्रिप्शन द्यावं, महिन्यातून एकदा ऑनलाइन अंताक्षरी घ्यावी. ह्यात चुकीचं काही नाही, पण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हिंजवडीतली मोठी कंपनी आहे, जिथे एचआर असतो, काउन्सेलर असतो आणि एक माणूस आजारी पडला तर बेंचवरचा, म्हणजे सध्या हातात काम नसलेला, दुसरा आणून बसवता येतो. सात-आठ जणांच्या टीममध्ये असलं काहीच नसतं. आमच्याकडे २०२० नंतर बाणेरचं ऑफिस सोडलं ते सोडलंच, सगळे आपापल्या घरून, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एक एक काम असं की ते दुसऱ्या कोणालाच येत नाही.

आमच्या टीममधल्या एका मुलाचं सांगते. लातूरकडचा, वाघोलीला वन आरकेमध्ये एकटा राहायचा. क्लायंटचं पेमेंटचं सगळं त्यालाच माहीत. हळूहळू तो ग्रुपवर नुसता अंगठा टाकायला लागला, कॅमेरा कायम बंद, काम पूर्ण झाल्याचे मेसेज रात्री तीनला. पण काम वेळेवर येत होतं ना, मग कोणी विचारायचं? ऑफिसमध्ये असता तर चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं असतं की अरे दाढी किती वाढलीय, जेवतोस का नाही. घरून काम करताना काम आलं म्हणजे माणूस बरा आहे असं धरून चालतात, आणि माझा सगळ्यात मोठा राग ह्याच्यावरच आहे. त्याने रजा मागितली तर उत्तर आलं, रिलीज होऊ दे, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती क्लायंटकडे जाऊ दे. ते रिलीज झालं, पुन्हा मागितली, तर पुढचं रिलीज. तू गेलास तर पेमेंट कोण बघणार? आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सातला 'तणावमुक्त जीवन' म्हणून वेबिनार ठेवला, सगळ्यांना हजेरी कम्पल्सरी.

मग एक दिवस तो सकाळच्या कॉलला आला नाही, फोनही उचलेना. मी आणि माझे मिस्टर वारज्याहून नगर रोडच्या ट्रॅफिकमधून त्याच्याकडे गेलो. दाराच्या कडीला डब्याच्या पिशव्या लटकत होत्या, एकीवर एक, एकही उघडलेली नाही. दार उघडलं त्याने, आत खिडक्या बंद, लॅपटॉप मात्र चालू. काय झालं रे विचारलं तर म्हणाला, "ताई, झालं काही नाही, नुसतं उठवत नाही." त्याच्या आईला फोन लावला, ती रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचली. नंतर सायकियाट्रिस्ट, गोळ्या आणि गावी आराम.

आता ऑफिसचं ऐका. रजेचं कारण टीमच्या ग्रुपवर टाक, सगळ्यांना कळलं पाहिजे, असा मेसेज त्या मुलाला गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, डॉक्टरने सुद्धा बाहेर सांगायचं नाही. जे डॉक्टरने गुप्त ठेवायचं ते त्या पोराने स्वतः आठ जणांच्या ग्रुपवर टाइप करायचं? विम्याचं पण तेच. त्याच कायद्यात लिहिलंय की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराला विमा द्यायचा, पण कंपन्यांच्या बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, नुसती तपासणी आणि गोळ्या असतील तर सगळं खिशातून. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ज्या कामासाठी रजा मिळत नव्हती ते काम तो गेल्यावर दोन दिवसांत आमच्यातल्या दोघांना समजलं आणि व्यवस्थित चाललं. हेच आधी करायला काय झालं होतं?

म्हणून म्हणते, छोट्या टीममध्ये मानसिक आरोग्य म्हणजे आधी रजा घेता आली पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक काम किमान दोघांना आलं पाहिजे. हे फुकटात होतं, मालकाने ठरवलं तर आठवड्यात होतं. दुसरं, टीम सांभाळणाऱ्याने आठवड्यातून एकदा प्रत्येकाला साधा फोन करावा, व्हिडिओ नको, कामाचं एक अक्षर नको, दहा मिनिटं नुसतं कसं चाललंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल सूचना काढल्या, त्यातही कामाचा भार आणि वेळा बदला, मॅनेजरला ट्रेनिंग द्या असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्या पानात मॅनेजरसाठी एक ओळ नाही, सगळा उपदेश जो आधीच थकलाय त्यालाच.

ऑफिस सुटल्यावरच्या मेसेजचं तर बोलायलाच नको. बारामतीच्या खासदार सुप्रियाताई सुळे यांनी २०१८ मध्येच लोकसभेत ह्यावर खाजगी विधेयक मांडलं होतं, त्याचा तेव्हा काही कायदा झाला नाही. ऑस्ट्रेलियात मात्र ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतरच्या फोन-मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क आला, आणि पंधरापेक्षा कमी माणसांच्या धंद्यांना तयारीला एक वर्ष देऊन २०२५ पासून त्यांनाही लागू केला. म्हणजे छोटी टीम आहे म्हणून जमत नाही हे कारण तिथे चाललं नाही. इथे का चालावं?

जाता जाता अजून एक. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुण्यात शेंबडं पोरही सांगेल, पण आमचा मॅनेजर बसतो गुडगावला, त्याला ते बहाणे वाटतात. वायफाय बंद, मोबाइलचं हॉटस्पॉट रडत चाललेलं आणि वर सारखं सॉरी सॉरी टाइप करत बसायचं, ह्याचंही टेन्शन येतं हो माणसाला. कुठल्या भागात लाइट जाणार ती यादी तुम्ही छापता गुरुवारी सकाळी, आतल्या पानावर, बारीक अक्षरात. बुधवारी छापा, म्हणजे आदल्या दिवशी ऑफिसला कळवता येईल.

आणि एवढ्या मोठ्या पानात सरकारच्या टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर कुठेच नव्हता. १४४१६, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सोन्याचा भाव आणि राशीभविष्य रोज न चुकता छापता, मग ह्या विषयावर लेख येईल तेव्हा खाली हा नंबरही ठळक छापा ही मनापासून विनंती.

कृपया नाव छापू नये, अजून तिथेच नोकरी करते.

– एक वाचक, वारजे, पुणे