नेपल्सला जायचं, पण कोणत्या महिन्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या समुद्रकाठच्या श्रीमंत गावांवर लेख होता. सोबत अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या नेपल्स गावाचा फोटो होता. पांढरी वाळू, निळं पाणी आणि छत्रीखाली बसलेलं एक म्हातारं जोडपं. त्या गावाच्या वेशीवर माझी मुलगी राहते. आम्ही दोघं तिच्याकडे २०२२च्या जुलैपासून पुढच्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिलो होतो. लेखातलं काही खोटं नाही, पण ते सगळं थंडीच्या महिन्यांतलं आहे. बडोद्याहून मुलांकडे जाणारी आपली माणसं बहुतेक उन्हाळ्यात नाहीतर पावसाळ्यात जातात. कुणाच्या सुनेचं बाळंतपण असतं, कुणाच्या नातवंडांची सुटी असते. त्यांना तिथे अगदी निराळं गाव भेटतं, आणि ते कसं असतं हे आम्हाला जायच्या आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

नेपल्स हे मेक्सिकोच्या आखाताच्या काठावरचं छोटं गाव आहे. २०२०च्या जनगणनेत तिथे जेमतेम १९ हजार माणसं मोजली गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची पासष्टी उलटलेली. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही आणि हिवाळा आपल्या बडोद्यासारखा सौम्य असतो, त्यामुळे ओहायो, मिशिगन अशा बर्फाच्या राज्यांतले पैसेवाले निवृत्त लोक नोव्हेंबरात तिथे उतरतात आणि एप्रिल सरता सरता परत जातात. त्यांना तिथे स्नोबर्ड म्हणतात. पैसेवाले म्हणजे किती? २०२४ साली तिथल्या समुद्राकाठच्या एका वाड्याची विक्रीची किंमत २९ कोटी ५० लाख डॉलर लावली होती.

आम्ही आषाढी करून निघालो. फोर्ट मायर्सच्या विमानतळावरून गाडीने पाऊण तासात गावात आलो तर दुपारी बाराला रस्त्यावर चिटपाखरू नाही. एकापाठोपाठ एक बंगले, प्रत्येकाच्या खिडक्यांवर लोखंडी झडपा पाडलेल्या, हिरवळ मात्र कापलेली. मला वाटलं काही घडलंय. मुलगी म्हणाली, "आई, सीझन नाहीये. सगळे वर गेलेत." वर म्हणजे उत्तरेला. मुलांचा आवाज नाही, भाजीवाल्याची हाळी नाही, ओटल्यावर कुणी बसलेलं नाही. दांडिया बाजारात जन्म काढलेल्या माणसाला ती शांतता पहिले पंधरा दिवस अंगावर येते. मी मुलीला बोलले नाही, पण सकाळी ती कामावर गेली की मी रेडिओ लावून ठेवायची.

जुलै, ऑगस्टात पारा तेहतीसच्या आसपासच असतो. आपण म्हणू, आम्ही त्रेचाळीस काढतो, हे काय! पण दमटपणा असा की आंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा आंघोळ. दुपारी तीन-चारच्या सुमाराला जवळजवळ रोज ढग भरून येतात, विजा कडाडतात, तासभर झोडपून पाऊस जातो. वीज दिसली की वाळूवर थांबायचं नाही. फिरायचं ते सकाळी सातला. संध्याकाळी सूर्य कलला की इतकी बारीक चिलटं चावतात की चावल्यावरच कळतं. अंगभर कपडे न्यावेत. आणि रिक्षा नाही, बस क्वचित. मुलगी-जावई कामावर गेले की तुम्ही घरात. हे मन तयार करून जावं.

समुद्र मात्र सगळ्यांचा आहे, आणि हे मला फार आवडलं. करोडोंच्या बंगल्यांच्या मधून आडव्या रस्त्यांच्या टोकांना वाळूवर उतरायच्या सार्वजनिक वाटा ठेवल्या आहेत. गाडी लावायला बाहेरच्याला तासाचे पैसे पडतात, तिथल्या रहिवाशाला गाडीवर चिकटवायचा परवाना मिळतो. म्हणून मुलांच्याच गाडीने जावं. मे ते ऑक्टोबर कासवं वाळूत अंडी घालतात. त्या जागांभोवती खुंट्या ठोकून फीत बांधलेली असते. एका रात्री मी चप्पल शोधायला मोबाइलचा दिवा लावला तर एक सत्तरीच्या बाई लगबगीने आल्या आणि हात जोडल्यासारखं करून म्हणाल्या, दिवा बंद करा, पिल्लं दिव्याला पाणी समजतात आणि उलटी रस्त्याकडे जातात. त्या स्वयंसेविका होत्या. मी लगेच बंद केला. पुढे त्यांच्याशी चांगली ओळख झाली.

पाण्यात उतरणाऱ्यांनी एक गोष्ट पाठ करून जावी. उन्हाळ्यात उथळ पाण्यात वाळूखाली स्टिंगरे नावाचे चपटे मासे लपलेले असतात, शेपटीला काटा. पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घासत न्यायचं, म्हणजे ते बाजूला सरकतात. ह्यांना हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात घोट्याजवळ काटा घुसला. सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवला की विषाची कळ उतरते, तसं केलंही, पण जखमेसाठी दवाखाना गाठावा लागला. बिल चारशे डॉलरच्या वर गेलं. विमा आम्ही इथूनच घेतला होता, सर्वांत स्वस्त मिळाला तो. त्यात प्रत्येक भेटीमागे ठरावीक पंचाहत्तर डॉलर मिळतात आणि बाकीचे आपण भरायचे, हे कागदावर बारीक अक्षरात होतं. आम्हाला कुणी वाचून दाखवलं नाही आणि आम्हीही वाचलं नाही. जावयाने पैसे भरले आणि हे दोन दिवस जेवताना मान वर करून बोलले नाहीत. निवृत्त माणसाला हे फार लागतं. तिथल्या म्हाताऱ्यांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा आहे, आपल्याला नाही. विमा घेताना ठरावीक रकमेचा घेऊ नका, आणि बीपी, शुगर आधीपासून असेल तर अचानक त्रास वाढल्यावर कंपनी काय देते, तेवढी एक ओळ मुलांकडून वाचून घ्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिथे वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. म्हणजे आपण जातो नेमके तेच महिने.

२६ सप्टेंबर २०२२ला घटस्थापना होती. मी मुलीच्या स्वयंपाकघरात परडीत माती घालून गहू पेरले आणि नंदादीप लावला. त्याच दिवशी जावई प्लायवूड आणि बॅटऱ्या घेऊन आला. इयान वादळ येत होतं. तिथे प्रत्येक घर कोणत्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये आहे ते ठरलेलं असतं, अ, ब, क असं. अ म्हणजे पाण्याला सर्वांत जवळ, आणि घर सोडायचा हुकूम आधी त्यांना. मुलीचं घर हमरस्त्याच्या पूर्वेला, बरंच आत, म्हणून आम्ही घरातच थांबलो. बाथटब काठोकाठ भरला, वापरायच्या पाण्यासाठी. खिडक्या झाकल्यावर भरदुपारी घरात रात्र झाली.

नंदादीपावरून आमचा वाद झाला. वादळात उघडी ज्योत ठेवू नका, आग लागली तर बंब येऊ शकत नाही, असं रेडिओवर सारखं सांगत होते. जावई शांतपणे सांगत होता आणि मी ऐकत नव्हते. शेवटी मुलीने समई उचलली आणि भांडी घासायच्या स्टीलच्या सिंकमध्ये नेऊन ठेवली. आजूबाजूला स्टील, खाली ओल. तिसऱ्या माळेला, २८ तारखेला दुपारी तीनच्या सुमारास, ताशी २४० किलोमीटर वाऱ्याने इयान फोर्ट मायर्सच्या वरच्या अंगाला किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडे दिवे त्याआधीच गेले होते. छपराचा एक पत्रा तासन् तास थाडथाड वाजत होता. आम्ही चौघं भिंतीला टेकून त्या सिंककडे बघत बसलो होतो.

नेपल्समध्ये वाऱ्यापेक्षा पाण्याने नुकसान केलं. समुद्र रस्त्यांवरून घरांत शिरला. १८८८ साली पहिल्यांदा बांधलेला आणि वादळांनी मोडला की पुन्हा उभारलेला लाकडी धक्का या वेळीही तुटला. आम्ही होतो तोवर तो बंदच होता.

माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या एक पेशंट बाई ओहायोला होत्या. त्यांनी फोनवर विनवलं, घर तेवढं बघून ये. चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना सोफे, गालिचे, फ्रिज यांचे ढीग लागले होते. आणि तो वास! २०१९ साली विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरल्यावर आपल्याकडे घराघरांत जो वास होता ना, गाळाचा आणि कुजलेल्या लाकडाचा, अगदी तोच. डोळे मिटले असते तर मी बडोद्यातच होते. घरात कमरेइतक्या उंचीवर भिंतीला पाण्याची रेघ, पियानो आडवा. आत एक मेक्सिकन बाई होती, त्या घराची साफसफाई करणारी. तासाभराच्या अंतरावरच्या इमॉकलीहून आली होती. इमॉकली म्हणजे शेतमजुरांचं गाव. टोमॅटो खुडून बादलीच्या हिशेबाने मजुरी मिळते तिथे. ह्या नावाचा अर्थच मुळी घर असा आहे, असं मुलगी म्हणाली. त्या बाईच्या घरी वीज नव्हती, तिला कुणी बोलावलंही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या पलंगावर तिने स्वच्छ चादर पसरली होती आणि भिजलेल्या अल्बममधला एकेक फोटो नखाने सोडवून ओळीने वाळत घालत होती. लग्नाचा, बाळाचा, पट्टेदार कुत्र्याचा. चिकटलेला फोटो ओढायचा नाही, आधी स्वच्छ गार पाण्यात भिजू द्यायचा, हे तिने मला हाताने करून दाखवलं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. आम्ही दोघींनी तासभर तेच काम केलं.

त्या गल्लीतल्या एकाही घराचा मालक त्या दिवशी गावात नव्हता. गाळ उपसणारे, गालिचे ओढणारे, झाडं कापणारे सगळे बाहेरून येणारे होते. त्यांच्यातल्या कुणालाही त्या गावात घर भाड्याने घेणं परवडत नाही. पुरवणीतल्या लेखात ही माणसं कुठेच नव्हती, आणि त्यांच्याशिवाय ते गाव आठवडाभरही चालणार नाही.

नोव्हेंबरात झडपा उघडल्या आणि गाव बदललं. रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा, फिफ्थ अव्हेन्यूवर हॉटेलांत साडेचारलाच रात्रीच्या जेवणाला बसलेली माणसं, हवा आपल्या डिसेंबरसारखी. संध्याकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन माणसं वाळूवर येतात आणि सूर्य आखातात बुडाला की टाळ्या वाजवतात. आधी मला विचित्र वाटलं. महिनाभराने मीही वाजवत होते. ओहायोच्या त्या बाई परतल्या तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं. वाळवलेले फोटो त्यांनी काचेत लावले होते.

मग जायचं कधी? शक्य असेल तर डिसेंबर ते मार्च. तेव्हा विमानाची तिकिटं महाग आणि गर्दी जास्त असते, तरीही. बाळंतपणासारखं कारण असेल तर पावसाळ्यातही जावंच लागतं, पण मग घराचा झोन आधी विचारा, दोन महिन्यांची औषधं जास्त न्या, आणि वादळात कुठे जायचं ते पोचल्या दिवशीच ठरवून टाका. २०२४ साली हेलेन आणि मिल्टन ही दोन वादळं पंधरवड्याच्या आत त्या किनाऱ्याला धडकली. घरामागच्या तळ्याच्या काठाने फिरू नका, तिथे ॲलिगेटर असतात. विश्वामित्रीच्या मगरी पावसाळ्यात रस्त्यावर बघितलेल्यांना याहून जास्त सांगायला नको.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत अशा गावांची माहिती देताना महिने, वादळाचा मोसम आणि विमा एवढं तरी छापावं. जाणारी माणसं सत्तरीची असतात आणि तुमच्या कात्रणावर विसंबून निघतात. आमच्या ओळखीच्या दोन घरांत ते कात्रण फ्रिजवर लावलेलं मी पाहिलं.

आम्ही पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जातोय. तोवर हे रोज संध्याकाळी सहाला सुरसागरच्या काठावर, न्यायमंदिराच्या बाजूला असतात. कुणाला झोनचा नकाशा मोबाइलवर कसा काढायचा ते शिकायचं असेल, किंवा विम्याचा कागद दाखवायचा असेल, तर जरूर यावं. चष्मा सोबत आणावा, अक्षरं फार बारीक असतात.

आपली एक जुनी वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा